जांभळ्या झाकणाची नळी

"कुठली टेस्ट? एचआयव्ही आरएनए?" काउंटरवरच्या पोराने इतक्या मोठ्याने विचारलं, की बाकावरच्या आजोबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. ही माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे मला नंतर कळलं. कळलं असतं तरी तेव्हा तोंडातून शब्द फुटला नसता.

तिथवर पोचायला फार त्रास झाला नव्हता. असुरक्षित संबंध आले, तीन आठवड्यांनी ताप, घसा, अंगावर पुरळ. सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात गेलो, तिथल्या समुपदेशक ताई शांतपणे बोलल्या, टेस्ट फुकट झाली. निगेटिव्ह! पण ताईंनीच सांगितलं, "दादा, हा विंडो पिरियड आहे, यावर निर्धास्त राहू नका." त्यांच्या रॅपिड टेस्टमध्ये अँटिबॉडी शोधतात, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. मग एका डॉक्टरांनी फोर्थ जनरेशन टेस्ट लिहून दिली. तिच्यात अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-24 अँटिजेनही पकडतात, म्हणून ती काही दिवस आधीच बोलते. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी. आता खरं-खोटं करायला आरएनए, म्हणजे थेट विषाणूच मोजणारी टेस्ट.

आणि इथेच गाडं अडलं.

लॅबने रक्त घेतलं, पैसे घेतले, सॅम्पल मुंबईला जाईल म्हणाले. तीन दिवसांत रिपोर्ट. तीन दिवस मी मोबाइल उघडून बघतोय, "प्रोसेसिंग". चौथ्या दिवशीही तेच. फोन केला तर "सर, वरून आलं नाही अजून." वरून म्हणजे कुठून, देव जाणे. पाचव्या रात्री जेवायला बसलो होतो, मेसेज आला: सॅम्पल रिजेक्टेड. कारण दिलेलं नाही. आईने विचारलं, कुणाचा रे? म्हटलं, बँकेचा.

सकाळी शटर उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वादावादीनंतर आतली टेक्निशियन बाहेर आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, की रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घेतलं गेलं. या टेस्टला प्लाझ्मा लागतो, म्हणजे जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी. शिवाय प्लाझ्मा चोवीस तासांच्या आत वेगळा करावा लागतो. पाच दिवस! एका झाकणापायी! वर काउंटरवरचा म्हणतो, "आज शनिवार, उद्या कुरिअर नाही, सोमवारी या." माफीचा एक शब्द नाही. सोमवारी मी हात पुढे केला तो नळीचा रंग बघूनच. तुम्हीही बघा, लाजू नका, आणि शक्यतो शनिवारी जाऊ नका.

रिपोर्टमधला विषाणूंचा आकडा लाखांत होता. त्याच आठवड्यात सिव्हिलला परत गेलो, तर आता तिथल्या तिन्ही टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राला, सिव्हिलचाच रिपोर्ट लागतो, त्यामुळे नोंदणी झटपट झाली. गोळ्या मोफत, रोज एकच.

एक राहिलंच. संबंध येऊन 72 तास उलटले नसतील तर टेस्टच्या मागे लागू नका, आधी सरकारी दवाखान्यात जाऊन पीईपी, म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या मागा. 28 दिवसांचा कोर्स असतो. मला हे कुणी वेळेत सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही, हेही खरंच. विचारायची लाज वाटली तर 1097 या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायची तीच टेस्ट करायला एआरटी सेंटरला गेलो. सिस्टरने ट्रे पुढे ओढला, मी मान वाकडी करून झाकण बघितलं. "काय बघताय?" म्हणाल्या. जांभळंच होतं.