आधी कोणाला विचारायचं?

"म्हणजे आधी पाहुण्याला विचारायचं, मग घरच्याला?" बाबांनी मागून विचारलं आणि माझा हात माऊसवरच थांबला.

गिरगावातल्या घरी, लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपवर त्यांचा विंडोजचा जुना हिशेबाचा प्रोग्राम वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडत होता, पण नोंदींची चौकट कोरी. वाइनच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररीज'खाली रिचएड२० ही डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला मजकूर दाखवायला लागणारी मदतनीस फाइल, घातली, क्रम लावला: नेटिव्ह, मग बिल्ट-इन. प्रोग्रामसोबत आलेली फाइल आधी, ती नसेल तर वाइनची स्वतःची. तेही त्या एकाच प्रोग्रामपुरतं. सरसकट लावलं तर भलतंच काही बिघडतं.

चौकट भरली. २००९ सालच्या नोंदी. आईची औषधं, तारखेनिशी.

बाबा चष्मा वर सारून कितीतरी वेळ वाचत राहिले.

१९९३ पासून लोक हे वाइन लिहितायत. मनापासून आभार त्यांचे.

तुमच्याकडे काय अडकून पडलंय असं?