भेकाच्या फुफ्फुसातील कृमीची ओळख पटवताना: माझा अनुभव

पीएच.डी.साठी मी सह्याद्रीतील बेडूक आणि भेक (टोड) यांच्यामधील परजीवी कृमींचा विषय घेतला, तेव्हा पहिली अडचण कृमींची नव्हती, तर यजमान प्राणी, म्हणजे ज्यांच्या शरीरात कृमी राहतात ते, मिळवायचे कसे ही होती. केवळ कृमींसाठी जिवंत प्राणी मारणे मला पटत नव्हते, म्हणून पावसाळी रात्री घाटरस्त्यांवर वाहनांखाली मेलेले भेक उचलण्यापुरतीच परवानगी मी वन विभागाकडे मागितली. त्यात बहुतेक आपला नेहमीचा भेक, म्हणजे डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, असे. अशा प्राण्याचे आतडे फार लवकर कुजते आणि त्यातील नाजूक चपटकृमी ओळखण्यापलीकडे जातात. फुफ्फुसे मात्र चिरडलेली नसतील तर त्या मानाने बरी मिळत, आणि त्यामुळेच माझे काम हळूहळू फुफ्फुसांतील कृमींकडे वळले.

०.६ टक्के मिठाच्या पाण्यात फुफ्फुस उघडले की आत काळसर रेघ असलेले पांढुरके गोलकृमी वळवळताना दिसतात. ती रेघ म्हणजे यजमानाचे रक्त भरलेले त्यांचे आतडे. हा रॅब्डियास वंश, इतके तेवढ्यावर जवळजवळ ठरते. फुफ्फुसातच राहणारा हिमॅटोलीकस हा चपटकृमी चूषकांमुळे, म्हणजे चिकटून राहण्याच्या वाटोळ्या अवयवांमुळे, सहज वेगळा काढता येतो. यापुढचे सगळे कृमी मारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ७० टक्के अल्कोहोल गरम करून त्यात जिवंत कृमी सोडला तर तो सरळ होऊन मरतो, थंड अल्कोहोलमध्ये मात्र गुंडाळला जातो आणि मग त्याची मापे विश्वासाने घेता येत नाहीत. काही कृमी मी डीएनएसाठी थेट शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवत असे, कारण फॉर्मॅलिनमधून नंतर उपयोगी डीएनए मिळणे कठीण जाते.

खरी कसोटी जाती ठरवताना लागली. बहुतेक गोलकृमींत नराच्या शेपटीकडे पाहून बराचसा निकाल लागतो. त्याच भेकाच्या गुदाशयातील कॉस्मोसर्का या गोलकृमीचा नर शेपटीजवळच्या अंकुरांच्या (त्वचेवरील बारीक उंचवट्यांच्या) रचनेवरून ओळखता येतो. रॅब्डियासच्या फुफ्फुसातील पिढीत मात्र नरच नसतो, सगळे कृमी उभयलिंगी असतात. नर आणि मादी वेगवेगळे असणारी पिढी विष्ठेतून बाहेर पडल्यावर मातीत वाढते. त्यामुळे ओठांची मांडणी, मुखपुटाची (तोंडाच्या आतील पोकळीची) खोली आणि रुंदी, जननछिद्राचे स्थान, शेपटीचा आकार आणि त्वचेचा फुगीरपणा एवढ्याच खुणा हाती उरतात. ओठ समोरून पाहण्यासाठी डोक्याचे टोक बारीक पात्याने कापून ग्लिसरीन जेलीत उभे करावे लागते. हे काम चिकाटीपेक्षा हात स्थिर असण्यावर जास्त अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बाकीचा कृमी लॅक्टोफिनॉल या द्रावणात पारदर्शक करून कॅमेरा ल्युसिडाने, म्हणजे सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा कागदावर गिरवू देणाऱ्या साधनाने, आकृती काढायची आणि प्रत्येक माप लघुतम, महत्तम व सरासरी असे नोंदवायचे.

रॅब्डियास बुफोनिस हे निसर्गअभ्यासक श्रांक यांनी १७८८ मध्ये युरोपातील कृमीला दिलेले नाव सर्वांत हाताशी असते. पण इथल्या भेकात सापडलेल्या कृमीला ते केवळ साम्यावरून चिकटवणे मला योग्य वाटले नाही. नवी जाती जाहीर करण्याचा मोह त्याहूनही वाईट, कारण या वंशात मापे वयानुसार आणि यजमानानुसार बदलतात. म्हणून जाती वेगळ्या ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २८एस आणि सीओआय या जनुकांचे क्रम जुळवून पाहीपर्यंत मी त्याची नोंद ‘रॅब्डियास, जाती अनिश्चित’ अशीच ठेवली. नवी जाती ठरलीच, तर जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार तिचे नमुने नियुक्त भांडारात जमा करावे लागतात. अशा भांडारांपैकी एक असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, ही त्यातल्या त्यात सोय. प्रत्येक कृमीबरोबर यजमान भेकाच्या ऊतीचा तुकडाही मी जपून ठेवला आहे, कारण डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस या एकाच नावाखाली जनुकीयदृष्ट्या वेगळ्या शाखा असल्याचे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि उद्या त्याच्या जाती वेगळ्या झाल्या तर माझा कृमी नेमका कोणत्या भेकातला होता हे त्या तुकड्यावरूनच सांगता येईल.