विंडोजवरचा देवनागरी मजकूर लिनक्स आणि मॅकवर नेताना

एक जुना सी++ प्रोग्रॅम विंडोजवरून लिनक्स आणि मॅकवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. नोंदी घेणं, साठवणं, शोधणं एवढंच तो करायचा. पण नोंदी देवनागरीत होत्या. लिनक्सवर कोड विनातक्रार कंपाइल झाला. विंडोजवर साठवलेली फाइल उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन.

कारण डब्ल्यूचार-टी, म्हणजे सी++ मधला अक्षर साठवायचा एक टाइप. तो विंडोजवर १६ बिटांचा आणि लिनक्स-मॅकवर ३२ बिटांचा असतो. जुना कोड स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, मेमरीत असेल तशीच्या तशी फाइलमध्ये उतरवायचा. त्यामुळे लिनक्सवर दोन अक्षरं मिळून एकच आकडा वाचला जात होता. यात विंडोजला बोल लावण्यात अर्थ नाही. १९९१ साली युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली, तेव्हा १६ बिट पुरतील असंच धरलं होतं आणि १९९३ च्या विंडोज एनटीची घडण त्यावरच झाली. जागा कमी पडली म्हणून १९९६ मध्ये यूटीएफ-१६ ही हे क्रमांक साठवायची पद्धत आली. तिच्यात पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडचं अक्षर, उदाहरणार्थ बहुतेक इमोजी, १६ बिटांच्या दोन तुकड्यांच्या जोडीने लिहितात. म्हणजे ‘एक डब्ल्यूचार-टी, एक अक्षर’ हा हिशेब आता विंडोजवरही चालत नाही.

सी++११ मधले चार१६-टी आणि चार३२-टी कुठेही नेले तरी तेवढ्याच बिटांचे राहतात. पण त्यांची स्ट्रिंग छापायची म्हटली तरी स्टँडर्ड लायब्ररी फारशी मदत करत नाही. म्हणून मी आतला सगळा मजकूर साध्या स्ट्रिंगमध्ये यूटीएफ-८ या बाइटांच्या पद्धतीत ठेवायचं ठरवलं. रूपांतर फक्त वेशीवर, म्हणजे जिथे विंडोजच्या फंक्शनला हाक मारायची तिथेच. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हाच मार्ग टिकतो, असं माझं ठाम मत आहे. मध्येच कुठेतरी रूपांतर होऊ लागलं, की कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

वेस आखणं मात्र वेळखाऊ निघालं. विंडोजवर फाइल उघडणाऱ्या साध्या एफ-ओपनला यूटीएफ-८ नाव दिलं, की तो ते मशीनच्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे तिथे ठरलेल्या अक्षरांच्या तक्त्याप्रमाणे, वाचतो आणि फाइल सापडत नाही. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रात, यूटीएफ-८ हेच कोडपेज मागता येतं, पण आमच्याकडे जुनी मशीनही होती. तेव्हा फाइल उघडणारी प्रत्येक ओळ एकाच फंक्शनमागे नेली आणि तिथे नाव यूटीएफ-१६ मध्ये बदललं. कंपायलरलाही सोर्स फाइल यूटीएफ-८ आहे हे पर्यायातून स्पष्ट सांगितलं.

मग लांबीचा प्रश्न आला. ‘क्षितिज’ घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधले क्रमांक, मात्र सात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. यूटीएफ-१६ मध्ये १४ बाइट, यूटीएफ-८ मध्ये २१. जुन्या कोडमध्ये एक रकाना २० बाइटांचा होता. त्यात ‘ज’चे तीनपैकी दोनच बाइट मावले आणि शब्दाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा हिरा उमटला. म्हणून लांबी विचारणारी प्रत्येक जागा पाहून ती कशासाठी विचारली आहे हे ठरवावं लागलं: मेमरीसाठी असेल तर बाइट, कर्सर हलवायचा असेल तर दिसणारं अक्षर. दिसणाऱ्या अक्षरांच्या सीमा मी युनिकोड हाताळणाऱ्या आयसीयू लायब्ररीकडून घेतल्या. हे नियम स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नये; २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्येच जोडाक्षर अखंड धरण्याचा नवा नियम आला आहे.

सर्वांत जास्त गुंतवलं ते ‘दऱ्या’ या शब्दाने. शोधल्यावर काही नोंदी सापडायच्या, काही नाही. ऱ हा स्वतंत्र कोडपॉइंट आहे, तसाच तो र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असाही लिहिता येतो. ही दोन रूपं नॉर्मलायझेशन केल्यावर, म्हणजे ठरलेल्या नियमांनी एकसारखी केल्यावर, एक होतात. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिममधून येणारी नावं अशी सुटी केलेली असतात, हेही तेव्हाच पक्कं डोक्यात बसलं. पण तिसरं रूप उरतं: र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हा अक्षरं जोडणारा पण न दिसणारा कोडपॉइंट, मग य. पडद्यावर तेही हुबेहूब तसंच दिसतं, पण नॉर्मलायझेशन त्याला हात लावत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकावा, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली नोंद समुद्रात जाते.

शेवटी प्रत्येक नोंदीची शोधासाठी वेगळी की, म्हणजे फक्त तुलनेपुरतं रूप, तयार केली. आधी एनएफसी, म्हणजे सुटे भाग एकत्र करणारं नॉर्मलायझेशन, मग र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे ही माळ दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त. शोधायचा शब्दही याच चाळणीतून जातो. मूळ नोंद बदललेली नाही; ज्याने जशी टाइप केली, तशीच ती तिन्ही सिस्टिमवर साठते.