हार्त्सचं जंगल उभ्या उभ्या वाळलं, त्याची गोष्ट

जर्मनीतल्या हार्त्स पर्वताच्या जुन्या फोटोंमध्ये काळीभोर झाडी आणि तिच्यातून धूर सोडत ब्रोकेन शिखराकडे निघालेली वाफेची गाडी दिसते. गाडी अजून धावते. झाडी मात्र गेली. रुळांच्या दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे नुसते खांब उभे आहेत. त्यांना ना पानं, ना साल. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, "वणवा लागला होता का?"

वणवेही लागले. २०२२च्या सप्टेंबरमध्ये ब्रोकेनजवळ चांगलाच मोठा लागला होता. पण जंगल त्याच्या आधीच मेलं होतं.

इथली बहुतेक झाडं स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी. हे झाड थंड, ओलसर हवेचं, आणि मुळं उथळ. २०१८मध्ये एप्रिलपासून पावसाने दडी मारली, उन्हाळा भयंकर तापला. पुढची दोन वर्षंही कोरडीच गेली. जमिनीचा वरचा थर सुकला की स्प्रूस पानांची छिद्रं मिटून घेतो. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही थांबतं, आणि हळूहळू राळ आटते. खरी गोम इथे आहे. सालीला कुणी भोक पाडलं की आतून चिकट राळ उसळते आणि आत शिरणारा किडा तिच्यात अडकून मरतो. राळ नाही म्हणजे दार उघडं.

त्या दारातून आत आला जेमतेम पाच मिलिमीटरचा, साल पोखरणारा भुंगेरा. तो या जंगलात पूर्वीपासूनच आहे. एरवी आजारी, पडलेल्या झाडांवर निभावतो. पण १८ जानेवारी २०१८च्या वादळात इथे असंख्य झाडं आडवी झाली, म्हणजे त्याला आयतंच घर मिळालं. त्यावर तो कडक उन्हाळा. एरवी वर्षाला एक-दोन पिढ्या होतात, उष्ण वर्षात तिसरीही होते. मग निरोगी झाडांचंही काही चालत नाही.

वाटेवर पडलेला सालीचा तुकडा उलटून पाहिला तर सगळा प्रकार समोर दिसतो. मधोमध एक सरळ उभी खाच, ती मादीने कोरलेली. तिच्या दोन्ही अंगांना बारीक खाचा फुटलेल्या. प्रत्येक अळीची एक, आणि पुढे पुढे रुंद होत गेलेली, कारण अळी खात खात वाढत जाते. पानांत तयार झालेलं अन्न सालीखालच्या याच थरातून मुळांकडे जातं. तो थर गोलाकार तुटला की झाड संपलं. शेंडा कधी कधी तेव्हाही हिरवा असतो. बुंध्याशी कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा दिसतो, तेवढीच काय ती खूण.

'चुकीच्या जागी लावलेली झाडं, मरणारच', असं इथे सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. पायथ्याशी मूळची जंगलं बीच नावाच्या रुंद पानांच्या झाडाची. खाणींना लाकूड लागायचं म्हणून शतकानुशतकं भराभर वाढणारा स्प्रूस रांगेत लावत गेले. पण वरच्या उंचीवर, जिथे तो मूळचाच आहे, तिथेही त्याची तीच गत झाली. त्यामुळे मला हे उत्तर अर्धवट वाटतं. तापमानाचा विषय टाळायला ते फार सोयीचं पडतं.

हे संकट एकट्या हार्त्सचं नाही. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीत सुमारे ५ लाख हेक्टरवरची झाडं गेली, असं इथल्या अवकाश संस्थेने उपग्रहांच्या चित्रांवरून काढलं आहे. एकदम एवढं लाकूड बाजारात आल्यावर भाव कोसळले. खासगी जंगलवाल्यांना तोडणीचा खर्चही जड झाला.

राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात मात्र मेलेली झाडं तशीच उभी ठेवतात. ओसाड दिसतं म्हणून लोक कुरकुरतात. मला धोरण पटतं. मोकळ्या केलेल्या उतारावर ऊन थेट जमिनीवर पडतं आणि कोवळी रोपं करपतात. उभ्या-आडव्या खोडांमध्ये थोडी सावली आणि ओल टिकते, हरणांनाही रोपांपर्यंत सहज पोचता येत नाही. तिथे आता रोवान आणि बर्च ही पानझडी झाडं माणसाच्या डोक्याइतकी उंच झालीत, मधूनमधून स्प्रूसची पिल्लंही. उद्यानाबाहेर मिश्र लागवड चालू आहे, पण बीचनेही त्या कोरड्या वर्षांत मान टाकली होती. त्यामुळे नेमकं काय लावावं यावर वनखात्यातही एकमत नाही.

इकडे येणार असाल तर जरूर या, फक्त वाऱ्याच्या दिवशी जंगलातल्या पायवाटा टाळा. ही खोडं आतून कुजलेली आहेत आणि न कडकडता पडतात.