बाई, आयोडीन आणि सराफा

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं, शाळेबद्दल चार ओळी लिहा म्हणाले, पण खरं सांगू का, मी केमिस्ट्रीच्या बाईंबद्दलच लिहिणार, बाकीचे शिक्षक रागावले तर रागावोत. नाव सांगायची गरजच नाही, आपल्या वेळी बाई म्हटलं की त्याच.

वरच्या लॅबमधला मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचा तो कापडी चार्ट आठवतो ना, 103 नंबरवर संपणारा? रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 मध्ये तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणूंच्या वजनाच्या क्रमाने लावली, बाई एवढं बोलल्या आणि मागच्या बाकावरून आवाज, "बाई, चार्ट चुकीचा छापलाय, टेल्युरियम 127.6 आणि त्याच्यापुढे आयोडीन 126.9!" दुसरं कोणी असतं तर गप बस म्हणालं असतं. बाई एवढ्या खूश की खडूच त्याच्या हातात दिला, आता वजनाप्रमाणे तूच बसव. त्याने बसवलं तर आयोडीन ऑक्सिजन-गंधकाच्या घरात आणि टेल्युरियम क्लोरीन-ब्रोमीनच्या घरात, एकाचेही गुण घरातल्यांशी जुळेनात, सगळा वर्ग हसायला लागला. मग बाई म्हणाल्या, मेंडेलीव्हलाही हे खटकलं होतं, त्याने गुणधर्म बघून जागा दिली आणि टेल्युरियमचं वजनच कोणीतरी चुकीचं मोजलंय म्हणून मोकळा झाला. वजन जवळपास बरोबरच होतं हो. क्रम लागतो तो अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येवर, आणि ते कळायला 1913 उजाडलं. मोझली नावाच्या तरुण पोराने एकेका मूलद्रव्यातून निघणारे एक्स-रे मोजले तर प्रत्येकाचा नंबर पायरीपायरीने वाढत जाताना दिसला, वजनाने निकेल हलका असला तरी कोबाल्ट 27 आणि निकेल 28. तोच मोझली 1915 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय फक्त 27. हे सांगताना बाई युद्ध करणाऱ्यांवर अशा काही चिडल्या की मधली सुट्टी संपली आणि आमचे डबे तसेच राहिले.

आता माझं सांगतो. मी इंदूरच्या सराफ्यात सोन्याचा टंच, म्हणजे ते किती शुद्ध आहे ते, काढून देतो, बरं चाललंय. मशीनमध्ये दागिना ठेवला की एक्स-रे पडतात, उलट जे एक्स-रे बाहेर येतात त्यावरून सोनं 79, चांदी 47, तांबं 29 ओळखू येतं, किती टक्के तेही स्क्रीनवर येतं, दागिन्याला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे मोझलीचंच काम, आणि त्याची यादीसुद्धा सोन्यापाशीच संपत होती! गिऱ्हाईक विचारतं हे कळतं कसं, तेव्हा मी बाईंच्याच स्टाईलमध्ये सुरू होतो, मुलगा म्हणतो बाबा पुरे, लाईन लागलीये. एक मात्र आहे, मशीन वरवरचंच बघतं, जाड मुलामा असेल तर फसतं.

मागे शाळेत आलो होतो तर लॅबच्या जागी स्मार्ट क्लास, तो चार्ट कुठे गेला कोणालाच माहीत नाही. आता 118 पर्यंत भरलेली सारणी स्क्रीनवर दिसते म्हणे, दिसो बापडी, मला तोच पाहिजे होता.

बाई कार्यक्रमाला येणार असतील तर कोणीतरी मला आधी कळवा, त्यांना मशीन दाखवायला दुकानी न्यायचंय. दुपारीच जमवा पण, रात्री सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात, तिथे भुट्ट्याचा (मक्याचा) किस खाणाऱ्यांच्या गर्दीत बाईंना चालायला जागा मिळायची नाही.