फ्लेमप्रूफ बॉक्समध्ये सांभाळायची असते ती फट

ज्वालाग्राही वायू असू शकतो अशा जागी विजेची उपकरणं ज्यात ठेवतात तो फ्लेमप्रूफ बॉक्स हवाबंद असतो हा समज इतका पक्का बसलाय की निम्म्या चुकांचं मूळ तिथेच सापडतं. तो हवाबंद नसतो. चालू असताना तापतो, बंद केला की गार होतो, आणि गार होताना बाहेरची हवा आत ओढतो. त्या हवेत ज्वालाग्राही वायू असला तर तोही आत जातो. मग कॉन्टॅक्टर (आतला विजेचा स्विच) सुटताना ठिणगी पडली की आत स्फोट व्हायचाच, आणि हे गृहीत धरूनच बॉक्स बनवलेला असतो. त्याने फुटायचं नाही, आणि आतली ज्वाळा बाहेर पोचेपर्यंत इतकी गार करायची की बाहेरचं मिश्रण पेटणार नाही, एवढंच त्याचं काम. दाब सोसायला जाड कास्टिंग आणि बोल्ट आहेत. ज्वाळा गार करते ती कव्हर आणि बॉडी यांच्यामधली अरुंद, लांब फट, म्हणजेच फ्लेमपाथ.

ही फट किती अरुंद हवी ते वायूवर ठरतं. प्रयोगशाळेत २५ मिमी लांबीच्या जोडातून मोजलं तर प्रोपेनची ज्वाळा साधारण ०.९२ मिमीपर्यंतच्या फटीत अडते, इथिलीनची ०.६५ आणि हायड्रोजनची जेमतेम ०.२९. आयआयए (प्रोपेनचा), आयआयबी (इथिलीनचा), आयआयसी (हायड्रोजनचा) हे वायूंचे गट याच क्रमाने आलेत. प्रत्यक्ष बॉक्समध्ये फट याहून बरीच कमी ठेवतात. आयआयसीचा बॉक्स आयआयबीच्या जागी चालतो, उलट मात्र चालत नाही.

नेमप्लेटवर ‘एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी’ (Ex db IIB T4 Gb) असं लिहिलं असेल तर एक्स डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ, आयआयबी हा वायूचा गट, जीबी ही संरक्षणाची पातळी, आणि टी४ म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही. टी३ला ती मर्यादा २०० आहे, टी६ला ८५. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हे सगळं उणे २० ते अधिक ४० अंशांच्या परिसरासाठी. थंडीत वायू दाट होतो आणि स्फोटाचा दाब वाढतो, त्यामुळे खालची मर्यादाही वरच्याइतकीच महत्त्वाची. प्रमाणपत्राच्या क्रमांकाअखेरीस एक्स (X) हे एकच अक्षर असेल तर काही खास अटी आहेत असं समजा आणि प्रमाणपत्र उघडून वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत.

बॉक्स बसवताना फ्लँजच्या (कव्हर आणि बॉडीच्या सपाट कडांच्या) जोडासमोर मोकळी जागा लागते: आयआयएला १० मिमी, आयआयबीला ३०, आयआयसीला ४०. फटीतून बाहेर येणारा गरम झोत आजूबाजूच्या थंड वायूत मिसळून विझायला हवा. समोर भिंत किंवा पाइप आला तर तो मिसळत नाही. बसवताना सहसा सगळं बरोबर असतं. दोन वर्षांनी कोणीतरी केबल ट्रेचा सपोर्ट नेमका जोडासमोर वेल्ड करतं.

सगळ्यात जास्त घोळ ग्लँडमध्ये, म्हणजे केबल बॉक्सात शिरते तिथल्या आवळपट्टीत होतो. केबलच्या कोअरांमध्ये (आतल्या सुट्या तारांमध्ये) मोकळी जागा असेल तर केबलच एक नळी बनते आणि स्फोटाचा दाब तिच्यातून दुसऱ्या टोकाला जातो. म्हणून साधा रबर सीलचा फ्लेमप्रूफ ग्लँड तेव्हाच वापरायचा, जेव्हा केबल गोल आणि घट्ट भरलेली असते, आतलं बेडिंग (आतलं आवरण) एक्स्ट्रूड केलेलं, म्हणजे कोअरांवर सलग दाबून बसवलेलं असतं, फिलर (कोअरांमधलं भरण) ओल न शोषणारा असतो आणि केबलची लांबी किमान ३ मीटर असते. यातलं एक जरी नसेल तर बॅरियर ग्लँड, ज्यात कोअरांभोवती पुट्टी भरून ही वाट बंद करतात. अशा वेळी ग्लँडच्या जादा किमतीवरून घासाघीस करू नये.

बॅरियर ग्लँड भरायला घाई चालत नाही. ग्लँडच्या पोटाच्या लांबीएवढं केबलचं आतलं आवरण आणि फिलर काढून कोअर सुटे करा. पुट्टीचे दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळा. रेघा दिसत असतील तर ती नीट कडक होणार नाही. मग कोअर पंख्यासारखे पसरून आधी मधोमध पुट्टी दाबा, त्यानंतर एकेका कोअरच्या भोवती, आणि शेवटी बाहेरून. आधी कोअर जुळवून नुसता बाहेरून लेप दिला तर मध्ये पोकळी राहते, आणि बाहेरून ती दिसत नाही. पुट्टी कडक व्हायचा वेळ तापमानावर अवलंबून असतो, तो ग्लँडबरोबरच्या कागदावर असतो. तोवर केबल हलवायची नाही. कडक झाल्यावर ग्लँड एकदा सोडून पुट्टीचा पृष्ठभाग बघून घ्या.

ग्लँडसाठी केबलचं माप व्हर्नियरने घ्यायचं, आर्मर्ड (धातूच्या तारांचं कवच असलेल्या) केबलला आतल्या आणि बाहेरच्या आवरणावर वेगवेगळं. सील रिंग सैल पडते म्हणून केबलला टेप गुंडाळून जाड करणं म्हणजे शुद्ध फसवणूक. आट्यांचंही तसंच. एम२०च्या (२० मिमीच्या मेट्रिक आट्यांच्या) भोकात अर्ध्या इंची एनपीटी (निमुळत्या अमेरिकन आट्यांचा) ग्लँड थोडासा जातो आणि अडकतो. हाताला घट्ट लागतो, म्हणून बसला असं वाटतं. किमान पाच पूर्ण आटे बसायला हवेत, आणि बॉक्सचं आकारमान १०० घन सेंटिमीटरच्या वर असेल तर आत गेलेली लांबी किमान ८ मिमी हवी. एका भोकाला एकच अडॅप्टर (आट्यांचं माप बदलणारा तुकडा). न वापरलेल्या भोकात प्रमाणित धातूचा प्लग लावा. कारखान्यातून येताना बसवलेलं प्लॅस्टिकचं टोपण फक्त धूळ अडवायला असतं, तरी ते वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं दिसतं. नवीन भोक पाडायचा अधिकार साइटवर कोणालाच नाही. आतला अर्थ आणि बाहेरचा अर्थ दोन्ही जोडा. बाहेरचं टर्मिनल किमान ४ चौरस मिमीची तार घेणारं हवं.

बॉक्स उघडण्याआधी परमिट घ्या, सप्लाय तोडा, कुलूप लावा, आणि सप्लाय खरंच गेलाय का ते तपासा. कव्हरवर ‘इतकी मिनिटं थांबा’ असं असेल तर थांबा; आत कपॅसिटर भरलेले असतात किंवा एखादा भाग तापलेला असतो. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि साधा मल्टिमीटर हीदेखील ठिणगीची साधनंच आहेत. वायू नाही याची चाचणी आणि हॉट वर्कची (ठिणगी पडू शकेल अशा कामाची) परवानगी असल्याशिवाय ती बाहेर काढू नका.

कव्हर अडकलं तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. जॅकिंग बोल्टची (आवळत गेलं की कव्हर वर उचलणाऱ्या बोल्टची) भोकं असतील तर ती त्यासाठीच आहेत. सुटलेलं कव्हर मशीन केलेली बाजू वर करून कापडावर ठेवा. जुनं ग्रीस आणि घाण प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने आणि न गंजवणाऱ्या क्लीनरने काढा. पॉलिश पेपर, कानस, वायर ब्रश नको: थोडासा धातू निघाला तरी फट वाढते, आणि ती परत भरून येत नाही. कव्हर लावताना न सुकणाऱ्या ग्रीसचा पातळ थर पुरे. सिलिकॉन ग्रीस वापरत असाल तर जवळच्या वायू डिटेक्टरचा विचार करा. सिलिकॉनच्या वाफेने त्यातला कॅटॅलिटिक सेन्सर मरतो आणि वायू असूनही शून्य दाखवतो. प्रमाणपत्रात नसलेलं गॅस्केट घालायचं नाही. आयआयसीमध्ये जोडावर ग्रीसची टेपही नाही. जोडाच्या आत रंग जाऊ द्यायचा नाही.

आता बोल्ट. बारापैकी एक हरवला तरी बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. हरवलेल्याच्या जागी डब्यातला मिळेल तो लावतात. मूळ समजा १२.९ ग्रेडचा असतो आणि त्या जागी कमी ताकदीचा ८.८ जातो. लांबीचा घोटाळा आणखी फसवा. बॉडीतली भोकं सहसा आरपार नसतात. बोल्ट ३ मिमी जादा लांब असला की तो भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क रेंच टक करते, आणि कव्हर मात्र दाबलंच गेलेलं नसतं. म्हणून सगळे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळल्यावर फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घ्या. ड्रॉइंगमध्ये जास्तीत जास्त फट ०.१५ मिमी दिलेली असेल तर त्याहून जराही जाड पातं कुठेच आत जाता कामा नये. चारी बाजूंनी फिरवून बघा, विशेषतः दोन बोल्टांच्या मधोमध.

मोटरमध्ये हीच फट शाफ्टभोवती असते. बेअरिंग झिजलं की शाफ्ट एका बाजूला उतरतो, फट एकीकडे रुंद होते आणि दुसरीकडे धातू धातूला घासतो. त्यामुळे आवाज किंवा कंपन वाढलं की ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणायची सोय नाही. मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालवायची असेल तर प्रमाणपत्रात तसा उल्लेख हवा, आणि वाइंडिंगमधले थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) खरोखर ट्रिप सर्किटला जोडलेले हवेत. पुष्कळदा ते टर्मिनल बॉक्समध्ये गुंडाळी करून तसेच ठेवलेले सापडतात.

तपासणीचे तीन स्तर: लांबून डोळ्यांनी, जवळून हत्याराने, आणि उघडून सविस्तर. तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, म्हणजे आयईसी ६००७९-१७ नुसार, स्थिर उपकरणांच्या दोन तपासण्यांमध्ये तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ३ वर्षांहून जास्त अंतर नको. हलवता येणाऱ्या उपकरणांची जवळून तपासणी किमान दर १२ महिन्यांनी, हातात धरून वापरायच्या उपकरणांची प्रत्येक वापराआधी नजरेने. उघडून करायची तपासणी सरसकट सगळ्या बॉक्सांची करू नये, काही नमुने निवडावेत. प्रत्येक उघडझाकीत एखादा ओरखडा पडायची शक्यता असते. ओरखडा किंवा गंजाचे खड्डे दिसले तर जागेवर घासून गुळगुळीत करायचा मोह टाळा. तो बॉक्स बदला, नाहीतर दुरुस्तीच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयईसी ६००७९-१९ प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपला पाठवा. पाठवताना बोल्टही त्याच बॉक्सच्या पिशवीत, टॅग लावून.