तुम्ही विचारलेत म्हणून: चित्रावरची मराठी अक्षरे का मोडतात?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने चित्रावर मराठी मजकूर लिहिला की अक्षरे का मोडतात, असे मला वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्याने बहुधा पिलो हीच चित्रांसाठीची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरलेली असते. रेघा, चौकटी आणि वर्तुळे व्यवस्थित उमटलेली असतात, पण ‘किती’ लिहिताच ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी न येता ‘त’च्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘प्रश्न’मधली जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात.

यात फॉन्टचा दोष नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे आधी ‘क’ आणि मग वेलांटी. ती दिसण्याच्या क्रमाने लावणे आणि जोडाक्षर घडवणे हे वेगळे काम आहे. पिलोची साधी मांडणी फॉन्टमधून एकेका चिन्हाचा आकार घेऊन ते नुसते ओळीने ठेवते. देवनागरीसाठी ‘राक्म’ ही मांडणी लागते, कारण तिच्यामागे अक्षरे घडवणारे हार्फबझ असते. ती उपलब्ध आहे की नाही, हे ‘फीचर्स’ मॉड्यूलच्या ‘चेक’ने कळते, विंडोजवर राक्मला लागणाऱ्या फ्रिबिडी या लायब्ररीची फाइल बहुधा वेगळी पुरवावी लागते. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर मात्र आजार निराळा: त्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही.

दुसरी तक्रार मजकूर मध्यभागी न बसण्याची. चौकट काढताना दोन कोपरे दिले की भागते (वरचा डावा कोपरा शून्य, आणि खाली जावे तसा आकडा वाढतो), पण मजकुराचे माप आधी काढावे लागते. जुन्या धड्यांमधले माप काढणारे ‘टेक्स्टसाइझ’ पिलोच्या २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत काढून टाकले गेले, त्यामुळे ते धडे आज जसेच्या तसे चालत नाहीत. त्याऐवजी आलेले ‘टेक्स्टबीबॉक्स’ शाईची, म्हणजे प्रत्यक्ष उमटलेल्या अक्षरांची, नेमकी चौकट देते, आणि देवनागरीत नेमकी तीच फसवते: ‘कमल’ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, ‘कुर्मी’ला रफार, वेलांटी, उकार सगळेच आहे. प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीच्या उंचीप्रमाणे मध्यावर बसवला तर शेजारशेजारच्या शब्दांच्या शिरोरेषा वरखाली होतात. म्हणून मजकुराचा कोणता बिंदू दिलेल्या जागी ठेवायचा हे सांगणाऱ्या ‘अँकर’ला मी ‘एमएम’ (आडवा आणि उभा मध्य) देतो. तिथे उभा मध्य फॉन्टच्या मापावरून ठरतो, शब्दाच्या शाईवरून नाही, आणि शिरोरेषा एका ओळीत राहतात.